छोट्या चर्चासत्रात शोधनिबंध मांडताना आणि मांडून झाल्यावर

दुपारच्या जेवणानंतरचे सत्र, महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावरची वर्गखोली, समोर बाकांवर चौदा माणसे आणि त्यांपैकी सात जण स्वतःच निबंध वाचायला आलेले. पहिला शोधनिबंध मांडणाऱ्या बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे चर्चासत्र हे असे असते. माझ्याही वाट्याला तसेच आले. खानदेशातील फड पद्धतीवरचा, म्हणजे बंधारा घालून पाटाने शेतीला पाणी देण्याच्या जुन्या रीतीवरचा, माझा पहिला निबंध मी अशाच खोलीत मांडला आणि त्या चौदांपैकी एका श्रोत्याच्या प्रश्नामुळे माझ्या प्रबंधाचे एक पूर्ण प्रकरण बदलले. पीएच.डी. किंवा एम.ए.च्या टप्प्यावर प्रथमच निबंध मांडणाऱ्यांनी तयारी कशी करावी, त्या दिवशी काय करावे आणि मांडून झाल्यावर त्याचा विचार कसा करावा, हे या लेखात क्रमाने लिहिले आहे. शेवटच्या भागाला मी सर्वांत अधिक जागा दिली आहे, कारण तो भाग आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

प्रथम, निबंध का मांडायचा हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्यापूर्वी चर्चासत्रांत किंवा परिषदांत दोन निबंध मांडणे आणि एक निबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. 2022 च्या नियमांत आयोगाने ही सक्ती काढली. काही विद्यापीठे स्वतःच्या नियमावलीत अशी अट ठेवू शकतात, म्हणून आपल्या संशोधन केंद्रात चौकशी करणे आवश्यक आहे. मात्र केवळ प्रमाणपत्रासाठी जाण्याचे कारण आता बरेच उरलेले नाही, आणि नवीन संशोधकांसाठी ही चांगली गोष्ट आहे असे मला मनापासून वाटते. विषय जाणणाऱ्या दहा-पंधरा माणसांसमोर आपले अपुरे काम ठेवून ते तपासून घेण्याची सोय म्हणून चर्चासत्राकडे पाहावे. मराठीत ही रीत जुनी आहे. 1910 साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांत मोजक्या जाणकारांपुढे टिपणे वाचली जात, आणि सापडलेले कागद तेथे लोकांच्या नजरेखालून जात असत.

चर्चासत्र निवडणे

माहितीपत्रक हाती आले की मुख्य विषयाच्या आधी उपविषयांची यादी वाचावी. पंचवीस-तीस उपविषय दिलेले असतील आणि त्यांत साहित्यापासून संगणकापर्यंत सर्व काही सामावले असेल, तर तुमच्या निबंधाला तो विषय जाणणारा श्रोता मिळण्याची शक्यता कमी असते. उपविषय पाच-सहाच असतील आणि ते एकमेकांशी जोडलेले असतील, तर नोंदणी शुल्क भरायला हरकत नाही. मराठवाडा इतिहास परिषद, अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद, मराठी अर्थशास्त्र परिषद किंवा मराठी समाजशास्त्र परिषद यांसारख्या विषयवार संस्थांची अधिवेशनेही पाहावीत, कारण तेथे एकाच विषयातली माणसे एकत्र येतात.

शुल्क भरण्यापूर्वी समन्वयकांना दूरध्वनी करून दोन गोष्टी विचाराव्यात. एका सत्रात किती निबंध ठेवले आहेत, ही पहिली. पूर्ण निबंध चर्चासत्राच्या आधीच छापायला घेणार आहेत की नंतर सुधारून देण्याची मुभा आहे, ही दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

सारांश

सारांशासाठी साधारणपणे दोनशे ते तीनशे शब्दांची मर्यादा असते आणि नवखा संशोधक त्यांतले निम्मे शब्द विषयाचे महत्त्व सांगण्यात घालवतो. माझ्या पहिल्या मसुद्याचे पहिले वाक्य असे होते : ‘फड पद्धत ही एक महत्त्वाची पारंपरिक सिंचन पद्धत असून तिचा अभ्यास होणे काळाची गरज आहे.’ माझ्या मार्गदर्शकांनी ते खोडले आणि समासात लिहिले, ‘प्रश्न कोणता?’ पुढे ते वाक्य असे झाले : ‘पांझरा खोऱ्यातील दोन थळांत पाटकऱ्याची नेमणूक कोण करीत असे आणि त्याचा मोबदला कोणत्या रूपात दिला जात असे, याचा शोध मुलाखती आणि महसुली कागद यांच्या आधारे घेतला आहे.’ (थळ म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्याखाली येणारे क्षेत्र आणि पाटकरी म्हणजे पाटाचे पाणी वाटून देणारा माणूस.) प्रश्न, प्रदेश आणि साधने एकाच वाक्यात आली की सारांश वाचणाऱ्याला तुम्हाला कोणत्या सत्रात बसवायचे ते कळते, आणि तुमचा निबंध योग्य अध्यक्षांपुढे जातो.

निबंध आणि मांडणी वेगवेगळी लिहावी

छापण्यासाठी लिहिलेला निबंध जसाच्या तसा वाचू नये. पाहणाऱ्याचा डोळा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याच्या कानाला ती सोय नसते. म्हणून मांडणीसाठी वेगळा मजकूर लिहावा. सावकाश, कळेल असे वाचताना माझे मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. तुमचा वेग तुम्ही घड्याळ लावून मोजावा आणि त्यावरून शब्दसंख्या ठरवावी. बारा मिनिटे दिली असतील तर माझ्या वेगाने बाराशे शब्द बसतात, तर छापील निबंध बहुधा अडीच-तीन हजार शब्दांचा असतो. अर्ध्याहून अधिक मजकूर बाजूला ठेवावा लागणार हे आधीच मान्य केले की निवड सोपी होते.

निवडताना आधीच्या संशोधनाचा आढावा सर्वांत आधी कमी करावा, आणि साधने व निष्कर्ष यांना हात लावू नये. विषय श्रोत्यांना अपरिचित असेल तर त्याची ओळख दोन मिनिटांत करून द्यावी. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी नेत असत, त्या पाण्याखाली येणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणत, थळाचे काही फड पाडलेले असत, एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई आणि पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात फिरवले जाई, एवढे मी सांगितले. त्याहून अधिक माहिती छापील निबंधात होती आणि ज्यांना हवी होती त्यांनी ती नंतर मागून घेतली.

यानंतर एक काम अवश्य करावे, ते म्हणजे मांडणीच्या तीन प्रती तयार करणे : एक बारा मिनिटांची, एक सात मिनिटांची आणि एक तीन मिनिटांची. आपल्याकडे उद्घाटन, सत्कार आणि बीजभाषण लांबतात आणि तो सगळा वेळ दुपारच्या निबंध वाचनातून कापला जातो. माझ्या सत्रात अध्यक्षांनी सुरुवातीलाच प्रत्येकी सात मिनिटे जाहीर केली. ज्यांच्याकडे एकच प्रत होती त्यांनी पहिली सात मिनिटे प्रस्तावनेत घालवली आणि त्यांचे निष्कर्ष कोणीच ऐकले नाहीत. एका विद्यार्थिनीने वर्षभर फिरून गोळा केलेले ओवीगीतांचे साहित्य आणले होते. वेळ संपल्याची चिठ्ठी आली तेव्हा तिचे पहिले गीतही वाचून झालेले नव्हते. ते पाहताना मला फार वाईट वाटले. तीन मिनिटांच्या प्रतीत फक्त प्रश्न, एक पुरावा आणि एक निष्कर्ष असावा, आणि ती पाठ असावी.

पडद्यावर काय दाखवावे

पाच-सहा पानांची पीपीटी पुरेशी आहे. मराठीत काम करणाऱ्यांनी फाँटची काळजी सर्वांत आधी घ्यावी. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की वाचता न येणारी अक्षरे दिसतात, आणि ऐन वेळी काहीच करता येत नाही. सर्व मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा, शिवाय त्याची पीडीएफ करून ती पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. मोडी कागदाचे छायाचित्र दाखवायचे असेल तर संपूर्ण कागद न दाखवता हव्या त्या दोन ओळी मोठ्या करून घ्याव्यात आणि खाली देवनागरी लिप्यंतर द्यावे. क्षेत्राचा अभ्यास असेल तर एक नकाशा हवाच. माझ्या नकाशात बंधारा, पाट आणि चार फड हाताने काढलेले होते आणि पुढची सर्व चर्चा त्या एका चित्राभोवती झाली.

त्या दिवशी

सत्राच्या आधी अर्धा तास खोलीत जाऊन फाइल उघडून पाहावी आणि सत्राध्यक्षांना आपला विषय एका वाक्यात सांगावा. आपला निबंध कितव्या क्रमांकावर असला तरी सत्र सुरुवातीपासून ऐकावे, आणि आपले झाले की उठून जाऊ नये. छोट्या चर्चासत्राचे हे सर्वांत मोठे दुखणे आहे. निबंध वाचून लोक प्रमाणपत्राच्या रांगेकडे जातात आणि शेवटच्या वाचकासमोर अध्यक्ष आणि दोन स्वयंसेवक उरतात. तुम्ही थांबलात तर तुमच्यासाठीही कोणी थांबते.

मांडताना ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणून सर्वांची नावे घेण्याची गरज नाही. अध्यक्षांना नमस्कार करून पहिल्याच वाक्यात आपला प्रश्न सांगावा. कागदावरून वाचले तरी चालते. मात्र परिच्छेद संपताना मान वर करावी आणि महत्त्वाचा आकडा किंवा नाव सावकाश म्हणावे. वेळ संपल्याची चिठ्ठी आली की वाक्य पुरे करून थेट निष्कर्षावर जावे. ‘वेळेअभावी’ असे म्हणत आणखी तीन मिनिटे बोलणे हा पुढच्या वाचकावर अन्याय आहे.

प्रश्नोत्तरांसाठी वही उघडी ठेवावी आणि प्रश्न ऐकताना तो विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावा. उत्तर देण्यापूर्वी प्रश्न एकदा मोठ्याने म्हणावा. त्यामुळे मागे बसलेल्यांना तो कळतो आणि आपला गैरसमज झाला असेल तर विचारणारे लगेच दुरुस्त करतात. काही प्रश्न माहितीचे असतात आणि त्यांचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. काही वेळा प्रश्नाच्या रूपात विचारणाऱ्याला स्वतःचा अभ्यास सांगायचा असतो. तेव्हा ऐकून घ्यावे, आभार मानावेत आणि त्यात उपयोगी संदर्भ असेल तर टिपून घ्यावा. खरी कसोटी पाहणारा प्रश्न एखादाच असतो, आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ बहुधा नसते. अशा वेळी ‘हे मी तपासलेले नाही, तपासून आपल्याला कळवते’ असे सांगण्यात कमीपणा नाही. मात्र विचारणाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक त्याच दिवशी घ्यावा आणि खरोखर कळवावे.

मला तो प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. ते शेवटच्या बाकावर बसले होते आणि त्यांचे गाव पांझरेकाठी होते. ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही फडाचे पाणी समन्यायी होते असे चार वेळा म्हणालात. हे तुम्हाला कोणी सांगितले? ज्याची थळात जमीन नव्हती, त्याला विचारले का?’’ मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या ते सर्व थळातले खातेदार होते. माझ्याकडचा दुसरा आधार 1880 साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड होता आणि तो महसूल गोळा करणाऱ्या सरकारच्या नजरेने लिहिलेला होता. मी विचारले नव्हते, आणि तसे मी सांगितले.

त्याच रात्री करायचे काम

निबंध मांडून झाल्यावर मन हलके होते, प्रवास करून घरी यायचे असते, आणि प्रश्नोत्तरांची आठवण दोन दिवसांत पुसट होते. म्हणून झोपण्यापूर्वी अर्धा तास काढून लिहायला बसावे. परतीच्या एस.टी.त बसून लिहिले तरी चालेल. मी वहीच्या एका पानावर मध्ये उभी रेघ मारते. डावीकडे जे घडले ते जसेच्या तसे लिहिते : कोणी काय विचारले, मी काय उत्तर दिले, कोणत्या ठिकाणी श्रोते पुढे वाकून ऐकू लागले, कोणत्या ठिकाणी मोबाइलकडे वळले, कोणता मजकूर मी घाईत गाळला. या रकान्यात मत लिहायचे नाही. ‘चांगले झाले’ किंवा ‘फसले’ हे शब्द तेथे आले की पुढचा विचार थांबतो.

उजवा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळी भरावा. डावीकडच्या प्रत्येक नोंदीसमोर, त्यावरून निबंधात काय करायचे आहे ते लिहावे. नोंद मांडणीविषयी असेल तर काम लहान असते. माझ्या पहिल्या पानावर ‘नकाशावर बोलताना सगळे ऐकत होते, तक्त्यावर बोलताना कोणीच नाही’ अशी नोंद होती आणि तिच्यासमोर मी ‘तक्ता काढून टाकणे, तीच माहिती नकाशावर दाखवणे’ असे लिहिले. प्रश्न आशयाविषयी असेल तर थोडे अधिक थांबावे लागते. अशा प्रश्नाला लगेच उत्तर शोधण्याआधी, हा प्रश्न माझ्या निबंधातल्या कोणत्या वाक्यामुळे निर्माण झाला, ते वाक्य शोधून काढावे.

मी निबंधाची छापील प्रत घेऊन बसले आणि ‘समन्यायी’ हा शब्द जेथे जेथे आला होता त्याखाली तांबड्या पेनाने रेघ मारली. भाषणात तो चार वेळा आला होता, छापील निबंधात अकरा वेळा. त्यांपैकी दोनच ठिकाणी शब्दापुढे संदर्भ होता, आणि ते दोन्ही संदर्भ आधीच्या अभ्यासकांच्या मतांचे होते, कागदांचे नव्हते. उरलेल्या नऊ ठिकाणी तो शब्द माझ्या मनातल्या आदरापोटी आला होता. शतकानुशतके लोकांनी स्वतः चालवलेल्या व्यवस्थेविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे आणि तो मला आजही वाटतो. परंतु पुराव्याच्या जागी आदर बसला होता, आणि ते मला पानावर दिसेपर्यंत कळले नव्हते. सुधारित निबंधात मी ‘थळातील खातेदारांपुरते समन्यायी’ असे लिहिले, आणि थळाबाहेरच्या कुटुंबांचा पाण्याशी काय संबंध होता हा प्रश्न वेगळा करून प्रबंधात घेतला.

मांडणीचे ध्वनिमुद्रण आधी परवानगी घेऊन केलेले असेल तर ते याच काळात एकदा ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकणे सुरुवातीला जड जाते. तरी एकदा ऐकावेच, कारण आपण कोणत्या वाक्यावर अडखळलो ते त्यातून कळते, आणि अडखळलेले वाक्य अनेकदा आपल्यालाच नीट न समजलेले असते.

पुढच्या आठवड्यात

वहीचे ते पान घेऊन मार्गदर्शकांना भेटावे. ‘चर्चासत्र कसे झाले?’ या त्यांच्या प्रश्नाला ‘छान झाले’ असे उत्तर देऊन विषय संपवू नये, तर पान पुढे ठेवावे. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना चार ओळींचा संदेश पाठवावा. मी त्या गुरुजींना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी मला गावी बोलावले आणि थळाबाहेर राहणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांशी गाठ घालून दिली. त्या अहिराणीत बोलत होत्या, त्यामुळे ध्वनिमुद्रण आणि भाषांतर यांना वेळ लागला, पण ते साहित्य मला कोणत्याही दप्तरखान्यात मिळाले नसते.

आता छपाईविषयी. अनेक चर्चासत्रांत पूर्ण निबंध महिनाभर आधी मागवतात आणि आयएसबीएन क्रमांकाचा ग्रंथ उद्घाटनालाच प्रकाशित करतात. आयोजकांची अडचण मी समजू शकते, कारण नंतर निबंध गोळा करणे फार कष्टाचे असते. परंतु या रीतीमुळे चर्चेत निघालेली चूक छापील पानावर तशीच राहते, आणि ज्या चर्चेसाठी सगळे जमले तिला काही अर्थ उरत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे, असे मी वर म्हटले. सुधारणेची मुभा नसेल तर ग्रंथासाठी केवळ सारांश द्यावा आणि सुधारलेला निबंध पुढे नियतकालिकाकडे पाठवावा. नियतकालिक निवडताना अनुदान आयोगाच्या केअर यादीचा, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीचा, आधार घेण्याची सवय अनेकांना होती. आयोगाने 2025 च्या फेब्रुवारीत ती यादी बंद केली असल्यामुळे, संपादक मंडळावर आपल्या विषयातले कोण आहेत, निबंध परीक्षणासाठी खरोखर पाठवतात का आणि मागचे अंक वाचण्याजोगे आहेत का, हे आता आपणच पाहायला हवे. पैसे भरल्यावर आठ दिवसांत छापून देणाऱ्यांकडे जाऊ नये.

वहीचे पान फाडू नये आणि फेअर करून लिहूही नये. प्रबंधाच्या संबंधित प्रकरणाच्या फाइलमध्ये ते तसेच लावून ठेवावे आणि उजव्या रकान्यातले एकेक काम झाले की त्यापुढे तारीख टाकावी. माझ्या त्या पहिल्या पानावर उजवीकडे पाच कामे आहेत. चारांपुढे तारीख पडली आहे. पाचवे काम, पाटाच्या शेवटाकडच्या फडातून बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन नकाशा पुन्हा काढण्याचे, येत्या उन्हाळ्यात पाट कोरडा असताना करायचे ठरले आहे, आणि गुरुजी सोबत येणार आहेत.